मागच्या अंगणातला उजेड

वायरमनला नाव होतं, सगळ्यांनाच असतं, पण ते त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. ती त्याला हाक मारायची तीच मुळी "अहो वायरमन!" अशी. चिडलेली असली की "अहो मोठे वायरमन!" खिशात टेस्टर, मनगटात काळ्या चिकटपट्टीचं रिंगण बांगडीसारखं अडकवलेलं, आणि खांद्यावर शिडी. शिडी नसली की लोक विचारायचे, "काय, आज बरं नाही का?"

बोलायला मात्र अगदीच मुखदुर्बळ. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा तिच्या घरी गेला, तर सगळे बोलतायत, हसतायत, हा आपला वर छताकडे बघत बसलेला. शेवटी उठला, म्हणाला, "तुमच्या स्वयंपाकघरातलं बटण सैल झालंय," आणि जाऊन ते आवळून आला. झालं एवढंच बोलणं. तिचे वडील म्हणाले, "मुलगा मुका आहे का गं?" ती म्हणाली, "मुका असला तरी चालेल. बटण कधीचं तसंच होतं, या घरात कुणी हात लावला का त्याला?"

त्याची माया अशी दिव्यातून बाहेर यायची. लहानपण गेलं एका खोलीत, खिडकी नाही, वीज नाही. आई रॉकेलच्या चिमणीशी बसून लोकांच्या कपड्यांना बटणं लावायची. पुढे मामाच्या हाताखाली काम शिकला, तर पहिलं काय केलं? आईच्या बसायच्या जागेवर बल्ब लावला. आई त्याच्याखाली बसली, आपले दोन्ही हात पुढे धरून बघत राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, एवढे म्हातारे झाले होय हे!" मग हसली आणि सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात.

तेव्हापासून त्याला तेच ठाऊक. ज्याच्यावर जीव, त्याच्या डोक्यावर दिवा. बायको घरी दप्तरं शिवायची, तर तिच्या मशीनला मान वळणारा दिवा. मुलीला अंथरुणात वाचायला उशाशी दिवा. मुलीचं लग्न झालं, ती दूर गावी गेली. हा भेटायला गेला तो चहा घ्यायच्या आधी तिच्या सासरचा मीटर उघडून बघायला लागला. व्याही म्हणाले, "अहो, बसा तरी!" म्हणाला, "बसतो. अर्थिंग नाही तुमच्याकडे." मुलगी लाजेनं अर्धी झाली.

मुलगी गेली आणि घर रिकामं रिकामं झालं. त्याच दिवसांत एका नव्या इमारतीत वायरिंग करताना त्याला कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. वायरिंगच्या पाइपाच्या तुकड्यात डोकं घालून बसलेलं, ना पुढे जाता येतंय ना मागे. त्यानं करवत आणली, हळूहळू, दाढी करावी तसा तो पाइप कापला. आतून तपकिरी तोंड निघालं, एक कान उभा, एक पडलेला. ते त्यानं हत्यारांच्या पिशवीत घालून घरी आणलं.

"हे घरात राहणार नाही," बायको म्हणाली.

"नाही," तो म्हणाला.

आल्या आल्या पिल्लानं मुख्य वायर कुरतडली. फट्ट झालं आणि सगळ्या घरात काळोख. जिवंत राहिलं ते नशीब. म्हणून नाव पडलं फ्यूज. आठवडाभरानं शाळावाल्यांचा माणूस दप्तरं न्यायला आला, तर एकही तयार नाही. बायको मशीनसमोर हात बांधून बसलेली. म्हणाली, "पायडलवर झोपलाय तो. उठवू कशी?"

तर असा फ्यूज त्या घरात वाढला. घराच्या मागे छोटंसं अंगण होतं. नळ, कपडे धुवायचा दगड, एक लिंबाचं झाड, आणि एक पत्र्याची खोपटी. खोपटीत वायरमनची तांब्याच्या वायरची भेंडोळी. मागची भिंत कमरेएवढी, आणि पलीकडे मोकळा प्लॉट, त्यात गवत माजलेलं. फ्यूज दिवसभर त्या अंगणाचा मालक. कावळा बसला तरी त्याला जाब विचारायचा.

एकदा संध्याकाळी दोघं बाहेर गेली होती, तर कुणीतरी मागच्या भिंतीवरून आत आलं आणि वायर घेऊन गेलं. फ्यूजनं आपलं काम केलं असणार, कारण त्याच्या मागच्या पायावर दगड बसला होता. लंगडत, शेपूट पायांत घालून तो दारात आला, जसं काही त्याचंच चुकलं. वायरमननं वायरीचं नाव काढलं नाही. पाय हातात घेऊन बसला. उठला तो शिडी घेऊनच.

त्या दिवशी त्यानं लिंबाजवळ एक दिवा लावला. दुसऱ्या दिवशी खोपटीवर एक. मग भिंतीच्या दोन टोकांना दोन. दिवस मावळला की मागचं अंगण असं लखलखायचं की जणू तिथं नाटकच लागणार आहे. हवा दमट होती, दिव्यांभोवती किडे, पाकोळ्या, पंख फुटलेल्या मुंग्या, नुसता घोंघावत असायचा सगळा थवा. सकाळी बायको सुपानं पंख गोळा करायची.

"अहो वायरमन, एवढा उजेड कशाला?"

"दिसायला पाहिजे. कुणी आलं तर."

शेजारी राहायची नर्सबाई. एकटी, सडेतोड, रात्रपाळीला जाणारी. संध्याकाळी चार घटका झोपायची आणि मग इस्पितळात. तिची खिडकी नेमकी या अंगणावर. एके दिवशी ती भिंतीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "वायरमनदादा, माझ्या खोलीत आता दाढी करता येईल इतका उजेड असतो. आणि मला दाढी नाही."

बायकोच म्हणाली, "ताई, जरा दिवस सोसा हो. कुत्र्यासाठी चाललंय."

"वहिनी, कुत्रा तरी झोपतो का एवढ्या उजेडात?"

हे झालं, आणि दोन-तीन दिवसांत फ्यूजच्या तोंडाला फेस आला. तिन्हीसांजेला अंगणातून आत आला तो तोंड जमिनीला घासत, लाळ गळतेय, डोळे लाल. थोड्या वेळानं आपोआप उतरलं, पण वायरमन रात्रभर त्याच्याशेजारी बसून राहिला. सकाळी त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून बघितलं, हिरड्या बघितल्या. "काहीतरी तोंडात धरलं असणार. मागे अंगण आहे ना? बेडूक येतात का तिथं?"

वायरमनला हा अपमानच वाटला. "माझ्या अंगणात? लख्ख उजेड असतो बाई. मुंगी आली तरी दिसते. तिथं कुठला बेडूक येतोय!"

"मग लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या. बाहेर मांजरं, पोपट, एक बकरी, सगळी रांग लावून बसलेली.

घरी येईपर्यंत त्याच्या मनानं घेतलं की भिंतीवरून कुणीतरी कुत्र्याला विष टाकतंय. कोण टाकेल? वायरचोर? त्याला काय, तो आला आणि गेला. मग कुणाला खुपतोय कुत्रा, कुणाला खुपतात दिवे? हा विचार त्याच्या डोक्यात शिरला आणि बाहेर निघेना. जन्मभर गप्प बसलेला माणूस, बोलायला लागला की कुठं थांबावं हे त्याला कळत नाही. नर्सबाई कामावरून दमून येत होती, हा तिच्या दारात आडवा उभा.

"तुम्हाला माझा कुत्रा खुपतो. दिवे खुपतात. आणि औषधं तुमच्याच हातात असतात."

नर्सबाईच्या हातातली किल्ली तशीच राहिली. म्हणाली, "काय म्हणालात?"

तो परत म्हणाला नाही. पण म्हणून झालं होतं.

"दादा," ती म्हणाली, "आत्ता एका म्हाताऱ्याचा हात धरून बसले होते मी, पहाटेपर्यंत. तुम्ही जा घरी." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही हं, हळूच लावलं.

बायकोला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "बोलायला शिकलात तेही हेच बोलायला?" मग तिनं तोंडाला कुलूपच लावलं. ताट पुढ्यात ठेवायची ते न बोलता. मशीन मात्र अशी चालवायची की शेजारच्या गल्लीत कळावं, इथं कुणीतरी रागावलंय. आणि हा गडी काय करतो? आणखी दोन दिवे आणून लावतो. एक तर थेट नर्सबाईच्या भिंतीवर रोखून. म्हणजे तिकडून कुणी आलं तर दिसावं!

दुसऱ्या वेळी मात्र फेसावर भागलं नाही. दिवे नुकतेच लागले होते. बायको भांडी घासत होती, तिला नखं खरवडल्याचा आवाज आला. बाहेर आली तर फ्यूज लिंबाखाली आडवा पडलेला. पाय ताठ, अंगाला झटके, तोंडातून नुसता फेस. तिनं हंबरडाच फोडला. वायरमन धावत आला आणि उभाच राहिला. खांबावर चढून उघड्या तारा जोडणारा माणूस, त्याला आता काय करावं तेच सुचेना. नुसता म्हणतोय, "फ्यूज, अरे फ्यूज, अरे बाळा."

"ताई!" बायको खिडकीकडे तोंड करून ओरडली. "नर्सताई! धावा हो, फ्यूज जातोय!"

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग जाड पडदा बाजूला झाला. आणि मग ती बाई, गाऊनवर, केस सुटलेले, एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा, ती मधली भिंत ओलांडून धपकन अंगणात उतरली.

"नळाचा पाइप कुठाय? वहिनी, डोकं खाली धरा त्याचं. खाली, अजून खाली! पाणी बाजूनं सोडायचं, घशात जाता कामा नये. दादा, उभे काय राहिलात खांबासारखे? फडकं आणा!"

खांबच तो, पण हलला. फडकं आणलं.

"जीभ पुसा. हिरड्या पुसा. फडकं पिळा, परत पुसा. घाबरू नका, चावला तर मी आहे."

पाणी वाहतंय, बायको रडत रडत डोकं धरून बसलीय, वायरमन पुसतोय. हळूहळू झटके कमी झाले. फ्यूजनं एकदा डोळा फिरवून बघितलं. नर्सबाई पाइप सरळ करायला एक पाऊल मागे गेली, आणि तिच्या अनवाण्या पायाखालून काहीतरी थंडगार, मऊ असं निसटलं.

अशी किंचाळली म्हणता! रक्त, जखमा, मढी, सगळं बघितलेली बाई, एका उडीत कपडे धुवायच्या दगडावर. हातातला पाइप फिरला आणि वायरमन डोक्यापासून पायापर्यंत भिजला.

"बेडूक! शी! बेडूक आहे तिथं!"

वरून तिला सगळं अंगण दिसलं. मग म्हणाली, "दादा, इकडे या. हा बघा. आणि तो बघा, लिंबाच्या दिव्याखाली. आणि खोपटीपाशी तो जाड्या. आणि कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात हातपाय सोडून बसलाय, तो तर घरजावईच दिसतोय."

खरंच होतं. प्रत्येक दिव्याखाली एकेक, खडबडीत पाठीचा, मातीच्या रंगाचा, फुगून बसलेला. वरून किडा पडला की जीभ बाहेर, किडा आत, की परत ध्यानस्थ. पंगतच बसली होती. वाढणारा कोण? वायरमन. रोज दिवस मावळला की बटण दाबून वाढत होता.

तो बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आणि त्यानं काय तोऱ्यात सांगितलं होतं, तेही आठवलं असणार. पण आठवत बसायला वेळ नव्हता. चादरीत गुंडाळून फ्यूजला स्कूटरवर घेतलं, मागे बायको, आणि निघाले.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. काळजाचे ठोके इतके वेडेवाकडे की त्या बराच वेळ कानातली नळी काढेनात. शेवटी म्हणाल्या, "तोंड वेळेवर धुतलंत म्हणून हातात आलाय. त्या बेडकाच्या पाठीवर विष असतं, दाबलं की दुधासारखं बाहेर येतं. मागच्या वेळी नुसतं चाटलं असेल, आज चावलाय. आणि हा आता सोडणार नाही, याला वाटतंय आपण अंगण राखतोय. पुढच्या वेळी मी असेन, नसेन."

"मग करू काय?"

"पाण्याचं भांडं आत घ्या. संध्याकाळी पट्ट्याशिवाय सोडू नका. आणि दिवे बंद ठेवा."

"बंद?"

"बंद."

फ्यूज दुसऱ्या दिवशी घरी आला, पाय लटपटत, पण शेपूट हलवत. बायकोचा जीव भांड्यात पडला आणि तिच्या तोंडाचं कुलूपही निघालं. त्या संध्याकाळी शिडी घेऊन तो नर्सबाईच्या भिंतीशी गेला. ती खिडकीत आली.

"आता काय? माझ्या खोलीतच लावताय का एक?"

तो शिडीवर चढला. तिच्यावर रोखलेला दिवा उतरवला, वायर गुंडाळली, भोकात सिमेंट भरलं. मग शिडीवरूनच म्हणाला, "चुकलं."

"काय चुकलं? वायरिंग?"

"नाही. बोलणं."

"जरा मोठ्यानं सांगा. झोप झाली नाही की मला ऐकू कमी येतं."

"चुकलं माझं!" तो ओरडला. पुढच्या गल्लीतला न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, काय झालं म्हणून. नर्सबाई हसली, बायको हसली. मग नर्सबाई गंभीर होऊन म्हणाली, "दादा, ते बोलणं मला लागलं होतं. लागलंच. पण कुत्र्याचा काय दोष?" आणि खिडकी लावता लावता, "आणि मी दगडावर चढून किंचाळले, ते इस्पितळात कुणाला कळता कामा नये."

आता ऐका, बाकीचे दिवे काही त्याला काढवेनात. हवं ते कर म्हणा, पण बटण बंद कर म्हणू नका. कामावरचे रबरी हातमोजे घातले, एकेक बेडूक उचलून बादलीत घातला आणि लांब ओढ्याकाठी सोडून आला. दोन दिवसांत नवे हजर. बारीक जाळी आणून भिंतीच्या तळाला जमिनीत पुरली. दगडाखालची बिळं बुजवली. पलीकडलं गवत कापलं. पिवळे बल्ब लावून बघितले. किडे कमी झाले, पण दोन-तीन पाहुणे तरी यायचेच.

बायको शिवता शिवता म्हणाली, "सगळं करून बघताय, एक बटण सोडून."

"आणि भिंतीवरून कुणी आलं तर? परत दगड मारला तर त्याला?"

"कशासाठी येईल? तांब्यासाठी ना? मग तांबं आत आणा. आणि भिंत वाढवा. कुत्र्याला राखायला वायरीपाशी कशाला बसवायचं? वायर राखायला त्याला ठेवलाय, का त्याला राखायला आपण आहोत?"

तो बराच वेळ हातातल्या टेस्टरशी चाळा करत राहिला. मग उठून भेंडोळी आत आणायला लागला. मुलीच्या खोलीत, पलंगाखाली, सगळी. मुलीला फोनवर कळलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता मी आले की वायरीवर झोपायचं?" मागच्या भिंतीवर गवंड्याला सांगून आणखी चार थर चढवले, वर पत्रा ठोकला. आणि एका संध्याकाळी, अंधारायला लागलं तेव्हा, तो फ्यूजचा पट्टा हातात घेऊन मागच्या दारात उभा राहिला आणि दुसऱ्या हातानं बटण बंद केलं.

आधी काही म्हणजे काही दिसेना. तो पायरीवर बसला. फ्यूज त्याच्या गुडघ्याला अंग टेकून उभा. मग हळूहळू लिंबाचं झाड उगवल्यासारखं दिसायला लागलं, मग दगड, मग भिंत. वर आकाश होतं. आपल्या अंगणाला आकाशही आहे, हे इतकी वर्षं त्याला ठाऊक नव्हतं बहुतेक. म्हणाला, "अगं, ये ना बाहेर. दिसतं हळूहळू." बायको हात पुसत आली, दगडाला अडखळली, दोन शब्द बोलली ते इथं सांगत नाही, आणि शेजारी बसली.

किड्यांनी चार-सहा दिवसांत पत्ता बदलला. त्यांच्यामागून बेडूकही गेले, बरेचसे. पण सगळे कसे जातील? अंगण आहे, ओल आहे, एखादा वाट काढणारच. म्हणून वायरमन रोज तिन्हीसांजेला फ्यूजला शिकवायला बसायचा. आधी जुना हातमोजा टाकायचा पुढ्यात. फ्यूज झेपावला की पट्टा धरून म्हणायचा, "सोड." सोडला की हातात भाकरीचा तुकडा. मग चेंडू. मग दोरीला बांधून ओढलेली चिंधी, उड्या मारणारी. चिंधीपुढे तर फ्यूजचं सगळं शिक्षण वाहून जायचं. नर्सबाई खिडकीतून म्हणायची, "दादा, तुम्ही मुलीशी एवढं बोलला नसाल कधी!" खरंच होतं. एका शब्दाचं का असेना, पण तो बोलत होता, रोज, परत परत, न कंटाळता.

आणि मग एकदा खरा आला. जाळीला कुठं तरी फट राहिली असणार. थप, थप, असा आवाज. वायरमननं टॉर्च लावला. चांगला मुठीएवढा बेडूक, घाई नाही गडबड नाही, अंगण ओलांडतोय. फ्यूजचं अंग ताठ झालं, नाक पुढे, पट्टा ताणला. बायकोनं भाकरी मुठीत घट्ट धरली.

"सोड," वायरमन म्हणाला.

फ्यूज थरथरत होता. त्याला हवा होता तो, अगदी हवा होता. त्यानं बेडकाकडे बघितलं, मग मालकाकडे, परत बेडकाकडे.

"सोड, बाळा."

आणि फ्यूजनं मान वळवली. एवढा मोठा सुस्कारा टाकला, माणसासारखा, आणि वायरमनच्या पायावरच फतकल मारून बसला. बेडूक गेला आपल्या वाटेनं. बायकोनं मुठीतली सगळी भाकरी फ्यूजपुढे टाकली, तुकडे करायचंही तिला सुचलं नाही.

वायरमननं टॉर्च बंद केला. मग हातातला पट्टा त्यानं सैल सोडला, पहिल्यांदाच. फ्यूज उठला, अंधारात लिंबापर्यंत गेला, तंगडी वर केली, आपलं काम उरकलं, आणि परत येऊन दोघांच्या मधे बसला.